कंचा माझा सात-बारा

खाजण या ग्रुपचा पहिला जाहीर कार्यक्रम तीन मिनिटांत आटोपला. साल दोन हजार दहा, जागा बाळकुमच्या नवरात्र मंडळाचं स्टेज. गरबा सुरू व्हायला अवकाश होता म्हणून मंडळाने गावच्या पोरांना थोडा वेळ दिला होता. नयन मढवी माईक घेऊन भराभर बोलायला लागला तेव्हा पहिलं मिनिटभर लोकांना वाटलं, कुणाचं तरी मूल हरवलंय आणि हा अनाउन्समेंट करतोय. दुसऱ्या मिनिटाला वाटलं, भांडतोय. तिसऱ्या मिनिटाला त्याने बापाने विकलेल्या जमिनीचा विषय काढला आणि अध्यक्षांनी माईक बंद केला. जमीन घेणारा बिल्डर पहिल्या रांगेत बसला होता आणि मंडपही त्याच्याच पैशातून उभा होता.

"पोऱ्याला कं झालंय गो?" एका शेजारणीने नयनच्या आईला, हौसाबाईला विचारलं.

"कॉलेजान जातंय," हौसाबाई म्हणाली. शेजारणीला तेवढं पुरलं.

खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचं नाव घेतलेल्या त्या ग्रुपात, तिघं होती. नयन बाळकुमचा, आगरी, घरची भातशेती आणि मिठागर. त्याचा बाप गुणाजी याने आदल्या वर्षी एका सकाळी जाऊन सगळ्यावर सही केली होती. आलेल्या पैशातून त्याने पहिली वस्तू घेतली ती गाडी. ती त्याला चालवता येत नव्हती. दुपारी जेवण झालं की तो कव्हर काढून गाडीत बसायचा, काच खाली करायचा आणि समोरच्या शेतावर चाललेलं बिल्डिंगच्या पायाचं, पायलिंगचं काम बघायचा. दुसरी वस्तू नयनचा कम्प्युटर. त्या कम्प्युटरवर नयनने बापाविरुद्ध गाणं करायला घेतलं.

दुसरा विकी शेवाळे, कळव्याचा. त्याचे आईवडील साताऱ्याकडून आलेले. पारसिकच्या उतारावर त्यांची दहा बाय बाराची खोली होती आणि तिथेच ग्रुपचं रेकॉर्डिंग चालायचं. भिंतींना आईने शिवलेल्या गोधड्या टांगायच्या, पंखा बंद करायचा, शेजारच्या बाईला कुकर लावू नको म्हणून विनवायचं. बीट विकीचे. तो टेबल, डबा, गॅसची टाकी, कशावरही ताल धरायचा.

तिसरी जागृती घाग. घराणं मूळचं गुहागरकडचं, राहायला डोंबिवलीत, अकरा महिन्यांच्या करारावर. बाप एका छापखान्यात कामाला होता. कॉलेजच्या भित्तिपत्रकात तिच्या कविता यायच्या म्हणून नयनने तिला गाठलं होतं.

"माझ्या डोक्यात आहे सगळं," तो म्हणाला, "पण लिहायला बसलो की शिव्याच येतात."

"शिव्या यमकात बसतात का?"

"नाही ना."

त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत जागृती आठवड्यातून तीनदा बाळकुमला जायची. गाणं नयनच्या भाषेत व्हायला हवं होतं आणि ती तिला येत नव्हती. नयनलाही ती निम्मीच येत होती, कारण तो ठाण्यातल्या शाळेत शिकलेला. भाषा येत होती हौसाबाईला. ती ओट्यावर बसून मासे साफ करायची, जागृती शेजारी वही घेऊन. पहिल्या दिवशी जागृतीने वाचून दाखवलं, "कोणता माझा सात-बारा?"

हौसाबाईने सुरी खाली ठेवली. "कोणता? तू कं तलाठ्याकरशी आयलीस? कंचा बोल, कंचा."

असं एकेक करत गाणं झालं.

*बापूस सही करून आला, गारी उभी दारा,*
*गारीत बसून बघतंय आता, कंचा माझा सात-बारा?*

आणि शेवटी, नयनला सर्वांत आवडलेल्या दोन ओळी, ज्या जागृतीने ओट्यावर नाही, घरी बसून लिहिल्या होत्या:

*मिठाच्या वाफ्यावं उभा माळा सत्तावीस,*
*माझ्याच बांधावं मनाच विचारतंय, कोनाकरं जातस?*

"माझ्याच बांधावर वॉचमन मलाच विचारतो, कुणाकडे जातोस... हे तुला कसं सुचलं?" नयनने विचारलं.

"आम्हाला सगळीकडेच विचारतात," जागृती म्हणाली.

मराठीत, त्यातून आगरीत, असलं रॅप तोवर कुणी केलेलं त्यांच्या ऐकण्यात नव्हतं. अंधेरीच्या एका म्युझिक कंपनीत ते सीडी घेऊन गेले. तिथल्या माणसाने ती अर्धी ऐकली आणि कौतुकाने म्हणाला, "व्हेरी नाइस. कोकणी आहे का?" मग त्याने सुचवलं की हेच पंजाबीत करा. विकीने खरंच आठवडाभर प्रयत्न केला.

गाणं पसरलं ते मोबाइलच्या दुकानांतून. कळवा, बाळकुम, कोलशेत, पार दिव्यापर्यंत, मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं होती. तिथल्या पोरांनी 'कंचा माझा सात-बारा' एकमेकांना दिलं. कॉलेजांच्या फेस्टिव्हलमध्ये खाजणला बोलावणी येऊ लागली. डोंबिवलीच्या एका कार्यक्रमात त्यांना सूत्रसंचालिकेने 'युवा भारूडकार' म्हणून बोलावलं. नयन चिडला, जागृतीला मजा वाटली, विकीने चेक घेतला.

मग विकीने हळदीचं व्हर्जन केलं.

कळव्यातल्या एका मित्राच्या भावाची हळद होती. मित्र म्हणाला, तुमचं ते गाणं लाव, पण जरा पळव. विकीने ते पळवलं, खाली बेंजो टाकला आणि नाचताना दम लागतो म्हणून कडवी काढून टाकली. उरली एकच ओळ. 'कंचा माझा, कंचा माझा, कंचा सात-बारा!' महिन्याभरात ठाणे ते पनवेल एकही हळद त्याच्याशिवाय होईना. ज्यांनी जमिनी विकल्या होत्या ते गळ्यातल्या चेनी सांभाळत नाचायचे. ज्यांच्या विकायच्या राहिल्या होत्या ते जास्त नाचायचे.

नयनने हे प्रत्यक्ष पाहिलं ते चुलतबहिणीच्या हळदीत. मांडवाच्या मधोमध गुणाजी होता, कपाळाला हळद, दोन्ही हात वर, बोटं हवेत नाचवत. नयन जाऊन त्याच्यासमोर उभा राहिला.

"बाबा, हे गाणं तुमच्यावर आहे."

"माहीत हाय ना," गुणाजी नाचता नाचता म्हणाला. "समद्यांना सांगलंय मी."

नयनने विकीशी चार महिने अबोला धरला. नंतर आणखी तीन गाणी झाली, एक खाडीतल्या भरावावर, एक घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकवर, एक हळदीत नाचणाऱ्यांवर. पहिली दोन कुणी ऐकली नाहीत. तिसरं हळदीत वाजलं. त्यानंतर खाजण संपलं. भांडण असं झालं नाही, फक्त तिघांना एकाच दिवशी सुट्टी मिळेनाशी झाली.

विकीने कळव्यात गोडाऊन घेऊन साउंड सिस्टिमचा धंदा टाकला, तो चांगला चालला. जागृती ठाण्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायला लागली. वडील गेले, ती आणि आई डोंबिवलीतच राहिल्या, पण बारा वर्षांत नऊ घरांत. नयन एका कुरियर कंपनीत मॅनेजर झाला. बिल्डरने मोबदल्यात दिलेल्या तीन फ्लॅटांपैकी एकात, नवव्या मजल्यावर, तो आईबापांसोबत राहत होता. बिल्डिंग त्यांच्याच शेतावर होती. सोसायटीचा सेक्रेटरीही तोच होता आणि 'रहिवाशांनी मोठ्या आवाजात गाणी लावू नयेत' या सूचनेखाली त्याची सही असायची.

दोन हजार चोवीसमध्ये अचानक कळलं की खाजण हा एक पायोनियर ग्रुप होता. तोवर मराठी रॅप सगळीकडे झालं होतं. गल्लीगल्लीतली मुलं मोबाइलवर गाणी करत होती आणि कुणीतरी विचारलं की हे सुरू कुणी केलं. हा प्रश्न त्र्यंबक सोहनी यांनी मनावर घेतला. ते कल्याणच्या एका कॉलेजात शिकवायचे आणि लोकसंगीतावर एक वेबसाइट चालवायचे. त्यांनी नयनला शोधून काढलं, दोन तास मुलाखत घेतली आणि लेख लिहिला. नाव होतं 'मातीतून उगवलेली लेखणी'. त्यात म्हटलं होतं की या ओळी केवळ भूमिपुत्रच लिहू शकतो, त्या शिकून येत नाहीत, त्या रक्तात असाव्या लागतात. 'कोनाकरं जातस' या ओळीवर स्वतंत्र दोन परिच्छेद होते. जागृतीचा उल्लेख 'कोरसमध्ये एक मुलगीही होती' असा आला होता.

जागृतीने तो लेख स्टाफरूममध्ये वाचला. वह्यांचे गठ्ठे तपासायचे होते, ते तपासले. नयनला फोन केला नाही.

फोन नयननेच केला, आठवड्याने, वेगळ्या कारणासाठी.

"अगं, लाँचचं आमंत्रण आलंय. त्याच बिल्डरचं. आमच्या मिठागराची जी जागा इतकी वर्षं परवानगीत अडकलेली ना, तिथे आता टॉवर येतोय. 'सॉल्टपॅन हाइट्स' नाव दिलंय. सॉल्टपॅन! आणि त्यांना आपण पाहिजे आहोत. सात-बारा गायला."

"मग नाही सांग."

"नाही सांगणारच होतो. मग म्हटलं, का नाही सांगायचं? जाऊया. पूर्ण गाऊया. हळदीचं नाही, आपलं. सगळी कडवी, त्यांच्या तोंडावर. समजू दे गिऱ्हाईकांना कशावर उभे आहेत."

"लेख वाचला मी."

"हां, तो... मी त्याला 'आम्ही लिहिलं' असंच सांगितलेलं. त्याने काय ते केलं."

"आणि तू वाचल्यावर त्याला कळवलंस?"

"राहूनच गेलं ग."

ती तरीही आली. शनिवारी विकीच्या गोडाऊनमध्ये तालीम झाली. तिघंही चौतिशीचे, नयनला दुसऱ्या कडव्यापर्यंत श्वास पुरेना. विकी म्हणाला, "म्हणून मी कडवी काढलेली." बऱ्याच वर्षांनी तिघं एकत्र हसले.

बिल्डरकडून करिश्मा नावाची मार्केटिंगची मुलगी संपर्कात होती. तिने अप्रूव्हलसाठी गाण्याचे शब्द मागितले. नयन म्हणाला, नुसतं धृपद पाठवू. जागृतीने सगळं पाठवलं, सोबत कठीण शब्दांचे अर्थही दिले. चोरून काही करायचं तिच्या स्वभावात नव्हतं. दहा मिनिटांत उत्तर आलं, "मॅम, खूपच रॉ आहे! सरांना प्रचंड आवडलं!" पुढे तीन हृदयं होती.

लाँचच्या रविवारी घोडबंदर रोडला नेहमीसारखीच गाड्यांची रांग लागली होती. नयन आईबापांना घेऊन गाडीत अडकला आणि त्यामुळे त्याला होर्डिंग नीट वाचायला पंचवीस मिनिटं मिळाली. खाडीवरचा सूर्यास्त, काचेचा टॉवर, आणि टपोऱ्या अक्षरांत: 'कंचा माझा सात-बारा? आता तुमचाही!'

"झ्याक लिवलाय," मागून गुणाजी म्हणाला.

"बाबा, प्लीज."

मंडप वातानुकूलित होता. दोनेकशे माणसं, बहुतेक तरुण जोडपी, काहींच्या कडेवर मुलं, हातात ब्रोशर. पहिल्या रांगेत गुणाजी आणि हौसाबाईला बसवलं होतं, कारण मूळ भूमिपुत्र म्हणून त्यांचा सत्कार होता. दुसऱ्या रांगेत खास कल्याणहून आलेले त्र्यंबक सोहनी होते.

विकीने बीट सोडला, जुना, सावकाश. नयन गायला लागला आणि खरंच चांगला गायला. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. लोकांनी मोबाइल वर केले. माना डोलत होत्या, एका बाईने बाळाचे हात धरून टाळ्या वाजवून घेतल्या. कुणाचाच चेहरा पडला नव्हता. नयनने हात वर करून संगीत थांबवलं.

"एक मिनिट. मला बोलायचंय. या जागेवर माझ्या आज्याचं मिठागर होतं. इथे, तुम्ही बसलात तिथे. दिवसभर वाफ्यात उभं राहून त्याच्या पायांना भेगा पडलेल्या आणि त्या भेगांत मीठ जायचं. त्याला चप्पल घालता यायची नाही. ते सगळं आम्ही विकलं. आता ते तुम्ही घेताय. एवढंच माहीत असू दे तुम्हाला."

कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवल्या. बिल्डरसाहेबांनी रुमालाने डोळे टिपले. करिश्मा कडेला उभी राहून हे सगळं शूट करत होती. मागच्या रांगेतल्या एका चष्मेवाल्याने हात वर केला.

"सर, खूप सुंदर. पझेशन कधी आहे?"

नयनने माईक खाली घेतला. तेव्हा शेवटचं कडवं जागृतीने घेतलं. तालमीत ते नयनचं ठरलं होतं. तिने विकीकडे बघून मान हलवली, त्याने बीट दिला आणि तिने ते गायलं, न चढवता, वर्गात कविता वाचावी तसं. *माझ्याच बांधावं मनाच विचारतंय, कोनाकरं जातस?*

गुणाजीने हे कधी ऐकलंच नव्हतं. हळदीच्या व्हर्जनमध्ये ते नव्हतं आणि मूळ गाणं त्याने दोन ओळींपलीकडे कधी ऐकून घेतलं नव्हतं. सत्काराला त्याला वर बोलावलं, खांद्यावर शाल घातली, बिल्डरसाहेबांनी दोन शब्द बोलायला सांगितलं. गुणाजीने माईकमध्ये विचारलं, "यो शेवटचा कोनी लिवलाय?"

प्रश्न नयनला होता. नयनच्याही हातात माईक होता. 'आम्ही' म्हणता आलं असतं, चौदा वर्षं तो तेच म्हणत आला होता. त्याने त्र्यंबक सोहनींकडे पाहिलं, मग आईकडे. हौसाबाई पदर सावरत, उत्तर माहीत असलेल्या माणसासारखी बसली होती.

"जागृतीने," तो म्हणाला. "सगळं गाणं तिनेच लिहिलंय. मी फक्त चिडलेलो."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. ते तेव्हा कशालाही वाजवत होते.

स्टेजमागे त्र्यंबक सोहनी जवळजवळ धावतच आले. "मॅडम, मला माहीतच नव्हतं! म्हणजे तुम्हीही आगरी?"

"नाही. गुहागरकडचे आम्ही. राहते डोंबिवलीत."

"पण मग ही भाषा... हा अनुभव..."

"भाषा मावशींकडून शिकले," तिने हौसाबाईकडे बोट दाखवलं.

"माझ्याच गाली-शिव्या हायेत त्या," हौसाबाई म्हणाली. "हिनं फक्त वलनाला लावल्या."

सोहनींच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं. बारा पानं आणि एक सिद्धान्त, दोन्ही त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. दुरुस्तीचा लेख त्यांनी तीन आठवड्यांनी टाकला, 'भूमिपुत्रांचा आवाज: काही नवे प्रश्न'. त्याखाली चारशे कॉमेंट्स आल्या. निम्म्या लोकांचं म्हणणं होतं, बाहेरच्या बाईने आमच्या भाषेत लिहायचं कशाला. उरलेले विचारत होते, हळदीचं व्हर्जन कुठे मिळेल.

पण ते नंतर. त्या रविवारी सोहनी गेल्यावर नयन जागृतीशेजारी येऊन बसला.

"रागावलीयेस?"

"रागावलेले. दोन हजार अकरात, तुझं ते 'आम्ही' ऐकून. मग किती दिवस रागवणार?"

"मला वाटायचं, माझीच गोष्ट आहे ना, म्हणजे..."

"तुझीच होती," जागृती म्हणाली. तिच्या हातात ब्रोशर होतं आणि ती वन बीएचकेचा नकाशा बघत होती, स्वयंपाकघर कुठे, आईची खाट कुठे बसेल. तिने करिश्माला हाक मारून दर विचारला. करिश्माने सांगितला. जागृतीने ब्रोशर मिटलं, हळूच, जणू आत कुणी झोपलंय.

"तू इथे घर घेणारेस?" नयनचा विश्वास बसेना. "इथे? ते गाणं लिहून?"

"माझ्या बापाकडे विकायला काही नव्हतं रे. मला बिल्डिंगांचा राग कधीच आला नाही. मला फक्त आत जायचं होतं."

शेजारी शालीची घडी घालत असलेल्या गुणाजीने हे ऐकलं.

"आमची चवथ्या माल्यावरची खोली रिकामीच हाय. भारेकरू गेला दिवालीला. ये रावाला. शाला जवल परेल तुना."

पंधरा दिवसांनी, आईला घर दाखवून, भाडं ठरवून, जागृती सोसायटीच्या ऑफिसात भाडेकरूचा फॉर्म भरायला आली. सेक्रेटरीच्या खुर्चीत नयन होता. व्यवसाय या रकान्यात तिने 'शिक्षिका' लिहिलं.

"गीतकार लिही," नयन म्हणाला. "खोडून लिही. मी सही करतो."

"गीतकार लिहिलं तर जागा मिळणार नाही." जागृतीने फॉर्म उलटवला आणि मागचे छापील नियम त्याच्यासमोर धरले. "सात नंबर. गायक, वादक आणि संगीताशी संबंधित व्यक्तींना भाड्याने जागा देऊ नये. खाली सही कोणाची आहे बघ."

नयनने पाहिलं. त्याचीच होती, दोन हजार एकोणीसची. आठव्या मजल्यावर एक तबलेवाला आला होता तेव्हाची.

"जनरल बॉडीत बदलून घेतो," तो म्हणाला. "सप्टेंबरात."

"सप्टेंबरात बघू," जागृती म्हणाली. "आत्ता शिक्षिकेवर सही कर. टेम्पो खाली उभाय."